चुना, दगड आणि शागीर्द

छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात दोन नावे वाचावयास मिळतात. एक या वास्तूचा रचनाकार अताउल्ला, म्हणजे ताजमहालाच्या निर्मितीशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. आणि दुसरा बांधकामाचा अभियंता हंसपतराय. १६५७ साली निवर्तलेल्या, औरंगजेबाच्या पत्नी दिलरसबानू बेगमेच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या या इमारतीवर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च पडल्याची नोंद गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात आहे. रचनाकाराचे नाव राहिले, अभियंत्याचे राहिले, खर्चाचा हिशेब तर आण्यापर्यंत राहिला. परंतु ज्या संगतराशांनी दगड घडविला, ज्या चुनेवाल्यांनी चुना मुरविला आणि ज्या गवंड्यांनी तो भिंतीवर चढवून, घोटून घोटून संगमरवराच्या कांतीला नेऊन भिडविला, त्यांना त्या लेखात स्थान मिळाले नाही. त्यांची विद्या लेखणीच्या आश्रयाने वाढलेलीच नव्हती. उस्तादाच्या हाताखाली शागीर्दाने वर्षानुवर्षे राबावे, त्याच्या मनगटाचा झोक न्याहाळावा, चुकले म्हणजे बोलणी खावीत आणि एके दिवशी थापी स्वतःच्या हाती घ्यावी, अशा रीतीने ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली. ही साखळी आता जागोजागी तुटू लागली आहे. ती पुन्हा सांधण्याचा मार्ग, मला वाटते, याच शहराच्या पडझड झालेल्या भिंतींपाशी आहे. जुन्या वास्तूंची दुरुस्ती हीच या विद्येची शाळा झाली पाहिजे.

मकबऱ्याकडे थोडे बारकाईने पाहिले म्हणजे या विद्येचे मोल ध्यानात येते. भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, तेथून घुमटाच्या पायथ्यापर्यंत आपला दख्खनचा काळा पाषाण, आणि वर पुन्हा संगमरवरी घुमट, अशी त्याची बांधणी आहे. मधला सारा काळा पाषाण पांढऱ्या गुळगुळीत गिलाव्याखाली झाकलेला असल्यामुळे दुरून पाहणाऱ्यास संपूर्ण इमारत एकसंध शुभ्र भासते. म्हणजे या वास्तूचे जे सौंदर्य आपण वाखाणतो, त्याचा फार मोठा भाग चुन्याने निर्माण केलेला आहे. संगमरवराची फरशी एकदा बसली की शतके टिकते. गिलाव्याला मात्र दर पिढीत जाणत्या हाताची निगा लागते.

चुन्याची कथा भट्टीपासून सुरू होते. दख्खनच्या या लाव्हाजन्य प्रदेशात चुनखडकाचे डोंगर नाहीत. परंतु काळ्या मातीत आणि ओढ्यानाल्यांच्या काठी चुनखडीचे खडे सापडतात, आणि पूर्वापार आपल्या गवंड्यांनी तेच वेचून भाजले. सुमारे ९०० अंश उष्णतेला त्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो फसफसून तापतो, फुटतो, त्याचे पीठ किंवा लोणी होते. हे विरवलेले लोणी पाण्याखाली जितके मुरेल तितके उत्तम. नंतर वाळू आणि विटांची सुर्खी घालून ते मिश्रण घाणीत मळले जाते. महाराष्ट्राच्या अनेक किल्ल्यांवर दगडी चाकाची आणि वर्तुळाकार चराची ही घाणी आजही दिसते. प्रांतोप्रांतीच्या रिवाजाप्रमाणे त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा अर्क, बेलफळाचा गर, उडदाचे किंवा मेथीचे पीठ पडते. कोणी ताग घालतात. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतील कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होऊ लागतो. जाड भिंतीच्या अंतर्भागात ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. चुनखडीत मातीचा अंश असल्यामुळे तिच्या चुन्याला ओलाव्यातही घट्ट होण्याचा गुण येतो, आणि नहरी, हौद व बारवा यांच्या कामी तोच उपयोगी पडला.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि पुढच्या शतकभरात या सावकाश विद्येची गरज संपल्याचा समज जगभर पसरला. सिमेंट लवकर घट्ट होते, मोजमापाने मिळते, त्यासाठी मुरविण्याची वाट पाहावी लागत नाही. नव्या बांधकामात त्याने केलेली सोय मी नाकारीत नाही. परंतु जुन्या चुनेगच्चीच्या भिंतीत सिमेंटने दरजा भरणे हे त्या भिंतीला हळूहळू मारणे आहे. चुन्याचा सांधा भिंतीतील ओल बाहेर सोडतो आणि भिंत किंचित हलली तर तिच्याबरोबर थोडा झुकतो. सिमेंटचा सांधा ओल आत कोंडून ठेवतो. मग ती ओल वीट व मऊ दगड यांच्या वाटे बाहेर पडू लागते, बरोबर क्षार आणते, आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती जागची जागी राहते आणि मूळ बांधकाम मात्र तिच्याभोवती झिजून जाते. पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या अधिकाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही सर्वत्र चुना वापरता येत नाही, कारण चुना लावणारा माणूस मिळत नाही.

हा माणूस तयार कसा होतो, हे समजून घेण्यासाठी दुरुस्तीच्या कामावर नुसते उभे राहणेही उद्‌बोधक असते. नवख्या मुलाच्या हाती प्रथम चाळणी येते. वाळू चाळता चाळता तिच्यात माती किती आहे हे मुठीत दाबून, बोटांत चोळून त्याला कळू लागते. नंतर चुना विरवणे: पाणी किती आणि किती वेगाने घालावयाचे, अंगापासून किती अंतर ठेवावयाचे, डोळे कसे सांभाळावयाचे, कारण कळीचा चुना अंग भाजतो. मग मळणी. मिश्रण थापीला धरून राहिले पाहिजे आणि झटक्यासरशी सुटलेही पाहिजे; ही कसोटी कोणत्याही पुस्तकात शब्दांनी सांगता येईल, पण हाताला ती पटण्यास अनेक आठवडे जातात. भिंत आधी भिजवून घ्यावी, गिलावा पातळ थरांनी चढवावा, पहिला थर ओढू लागला की तो थापटून त्याच्या बारीक भेगा मिटवाव्या, वैशाखाच्या उन्हात काम उघडे टाकू नये, ओले तरट लावून ठेवावे: या प्रत्येक गोष्टीला योग्य घटका असते, आणि ती उस्तादाने आपल्या शेजारी उभे राहून दाखविल्याशिवाय उमगत नाही. पाथरवटाकडे गेलेल्या मुलाला हातोड्याच्या आवाजावरून दगडातील छुपी चीर ओळखावी लागते. धड दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही तीन साधने एखाद्या संध्याकाळी समजतात, परंतु त्यांच्यावर किती विसंबावे आणि तीनशे वर्षांच्या कललेल्या भिंतीत डोळ्यावर किती विसंबावे, हे कळण्यास उमेदवारी करावी लागते.

आणि येथे जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा एक असा गुण प्रकट होतो की जो नव्या बांधकामात कधीच लाभणार नाही. नव्या कामावर शिकाऊ मुलाला एकाच हयात मिस्त्रीची पद्धत पाहावयास मिळते. जुनी भिंत मात्र उघड्या पडलेल्या पोथीसारखी आपले अंतरंग त्याच्यापुढे ठेवते. बाहेरच्या घडीव दगडांमागे भर कशाची घातली होती, भिंतीच्या दोन अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड किती अंतरावर होते, सांध्यात चुना किती जाडीचा होता, कोठे घाई झाली होती आणि कोठे मूळ कारागिरानेच चूक करून ती नंतर सावरली होती, हे सारे तेथे दिसते. ढासळू पाहणाऱ्या कमानीची दुरुस्ती करावयाची झाल्यास तिच्या प्रत्येक दगडावर क्रमांक घालून, खाली लाकडी आधार देऊन, एकेक दगड उतरवावा लागतो आणि त्याच क्रमाने परत चढवून शेवटी माथ्यावरचा दगड बसवावा लागतो. ज्या मुलाने असे एकदा केले, त्याला कमान भार कसा वाहते हे गणिताच्या तासाशिवाय कळते. तीनशे वर्षांपूर्वी मृत झालेला उस्ताद अशा वेळी खरोखर शिकवीत असतो. आणि त्याचा पाठ ऐकण्याची जागा पाडकामाच्या ढिगाऱ्यात नाहीशी होते, दुरुस्तीच्या पराचीवर मिळते.

आपला परिसर या दृष्टीने किती संपन्न आहे हे पाहिले तर मन हरखून जाते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाणारी, चुन्याचा आधार न घेता दगडात दगड अडकविण्याची बांधणी तेराव्या शतकातील. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळचे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त हे लेणे पैठणच्या कोकास नावाच्या शिल्प्याने घडविल्याची कथा आहे, आणि मध्य भारतातील अनेक शिलालेखांत कोकासाच्या वंशातील म्हणविणारे स्थपती आढळतात, याकडे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लक्ष वेधले होते. मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजेच आजचे हे शहर, वसविली, १६१२ साली भडकल दरवाजा उभारला आणि डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने गावात आणले. १६८२ साली औरंगजेबाच्या अमलात शहराला तटबंदी झाली. पाणचक्कीला मातीच्या नळांतून, मैलोगणती अंतरावरून आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी पुरविण्याची योजना अठराव्या शतकातील. लेणी, किल्ला, तट, दरवाजे, नहर, हौद, मकबरा आणि वाडे हे सर्व एका दिवसाच्या फेरफटक्याच्या आवाक्यात असणारी गावे भारतात फार थोडी असतील. दगड, चुना, माती, लाकूड, पाणी या सर्वांच्या विद्या येथे एकत्र शिकता येतील.

वेरूळच्या एका संशोधनाची हकीगत या संदर्भात सांगितलीच पाहिजे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे अंश आढळले. २०१६ साली त्यांचा निबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भांगेच्या तंतूंमुळे गिलाव्याला बळकटी आली आणि कीटकांचा उपद्रव टळला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती नाही आणि तेथे कीटकांनी नुकसान केले आहे. प्रयोगशाळेने हरवलेली कृती शोधून दिली, ही मोठीच कामगिरी. परंतु हे तंतू किती बारीक कापावयाचे, मातीत कधी घालावयाचे, किती दिवस कुजू द्यावयाचे, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. ते भिंतीवर हात फिरवूनच पुन्हा शोधावे लागेल, आणि त्यासाठी संशोधकाच्या शेजारी गवंडी उभा असला पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे रोगण दिले होते. हेतू उत्तम होता; रोगण पुढे पिवळे पडले आणि ते काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. मूळ द्रव्याच्या स्वभावाशी जुळणारी दुरुस्ती करणे किती निकडीचे आहे, त्याचे हे उदाहरण.

जुने ते सर्व निर्दोष, असे मानण्याचा मोह मात्र आपण आवरला पाहिजे, कारण मराठवाड्याने त्याची किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची हजारो घरे कोसळली. त्यानंतर गावोगाव लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला, आणि ज्याला परवडले त्याने माळवद उतरवून स्लॅब घातला. परंतु त्या पडलेल्या भिंतींची जी तपासणी झाली तिने दोष दाखविला तो असा की, ओबडधोबड दगडांच्या दोन पाती नुसत्या मातीत रचलेल्या होत्या, त्यांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून टाकून माळवदाचे ओझे असह्य झालेले होते. म्हणजे विद्या होती ती पातळ होऊन आचरली जात होती. पुनर्वसनाच्या काळात, भूकंपातून वाचलेल्या घरांना बळकटी देण्यासाठी भिंतींना भोके पाडून काँक्रीटचे आरपार बंध घालण्याचे काम गावच्या गवंड्यांना शिकविले गेले. जे ते शिकले त्यांना आपल्या आजोबांच्या बांधणीतील चांगले कोणते आणि घातक कोणते, याचा विवेक हातानेच आला. शिक्षणात हा विवेक प्रधान असावा.

परंपरेचा दुसरा दोष सामाजिक आहे, आणि तोही तितक्याच स्पष्टपणे बोलला पाहिजे. पाथरवट, वडार, बेलदार, सुतार यांची विद्या जातीच्या आणि भावकीच्या कुंपणात राहिली. बाहेरच्याला ती मिळाली नाही आणि आतल्याला ती सोडून दुसरे काही करण्याची मोकळीक नव्हती. बांधकामावर स्त्रियांनी पाट्या वाहिल्या, चुना मळला, पाणी मारले, परंतु थापी त्यांच्या हाती क्वचितच आली. उद्याच्या शाळेत इच्छा असेल त्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला प्रवेश हवा, आणि ज्या घराण्यांनी ही विद्या विपन्नावस्थेतही जपली त्यांना उस्तादाचा मान आणि उस्तादाचे वेतन हवे.

जुन्या बांधणीची विद्या कामावरच शिकविता येते, याचे दाखले आहेत. दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्याचा जीर्णोद्धार आगाखान सांस्कृतिक न्यासाने पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने केला आणि २०१३ साली तो पूर्ण झाला. विसाव्या शतकात छतावर ओतलेले दहा लाख किलोंचे काँक्रीट तेथे हाताने काढावे लागले. कारागिरांच्या श्रमाचे दोन लक्ष मनुष्यदिन त्या कामी लागले. आणि छत्र्यांवरच्या रंगीत कौलांची विद्या इकडे लुप्त झाली असल्यामुळे उझबेकिस्तानातून कारागीर बोलावून निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना ती शिकविण्यात आली. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात गेदेलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक संपूर्ण किल्ला बांधला जात आहे, तो केवळ ती बांधणी करून पाहण्यासाठी. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले तेव्हा त्याचे ओक लाकडाचे छप्पर हाताने तासून पुन्हा उभारता आले, कारण कुऱ्हाडीने तुळई तासणारे सुतार त्या देशात शिल्लक होते. जपानमध्ये ईसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात; मागची बांधणी २०१३ साली झाली. वीस वर्षांच्या अंतराने येणाऱ्या या कामात तरुणपणी शिकलेला सुतार प्रौढपणी शिकवितो.

आपल्याकडे धोरणाची वाण नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे २०१४चे राष्ट्रीय संवर्धन धोरण पारंपरिक कारागिरांचा सहभाग अगत्याचा मानते. वारसा-संवर्धन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या २००४च्या सनदेत राजमिस्त्री आणि स्थपती यांच्या ज्ञानपरंपरेला स्थान आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत गवंडी, सुतार आणि पाथरवट येतात. तिचे प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे आणि त्या काळात दररोज ५०० रुपये भत्ता मिळतो. भत्ता व अवजारे यांची मदत स्वागतार्ह आहे. परंतु आठवड्याभरात चुन्याचा हौदसुद्धा मुरत नाही, मग हात कोठून मुरणार? खरी अडचण निविदेत आहे. या शहरातील काही दरवाजांची आणि शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याची अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून दुरुस्ती झाली, ही समाधानाची गोष्ट. तथापि सर्वसाधारण पद्धत अशी आहे की काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराकडे जाते, दरसूची चौरस मीटर मोजते, मुदत मार्चअखेरीस बांधलेली असते, आणि काम संपताच टोळी पांगते. पुढच्या दरवाजासाठी पुन्हा परप्रांतातून माणसे शोधावी लागतात. एवढा खर्च होऊन गावात एकही नवा हात तयार झाला नाही, तर त्या दुरुस्तीचा अर्धा लाभ वाया गेला असे मी म्हणेन.

म्हणून महानगरपालिकेला, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि वक्फ व देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती अशी आहे. ऐतिहासिक वास्तूच्या प्रत्येक निविदेत एका उस्तादामागे किमान दोन शागीर्दांची नेमणूक आणि त्यांचे वेतन सक्तीचे करावे. शहरात एक कायमचा चुन्याचा हौद आणि घाणी असावी, म्हणजे मुरलेला चुना वर्षभर मिळेल आणि काम नसलेल्या दिवसांत सराव चालेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गवंडीकामाच्या आणि वास्तुशास्त्र महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एक संपूर्ण हंगाम पराचीवर काढावा आणि त्याला परीक्षेत गुण असावेत. आणि पैठणपासून खुलताबादपर्यंत ज्या वाचकांच्या घरी अजून लाकडी खांबांचा, पांढऱ्या मातीच्या माळवदाचा वाडा उभा आहे, त्यांनी यंदाच्या दुरुस्तीस सिमेंटचे पोते आणण्यापूर्वी गावातील जुन्या गवंड्याला गाठावे, त्याला योग्य मजुरी द्यावी आणि आळीतील दोन होतकरू मुलांना त्याच्या हाताखाली पगारी कामावर ठेवावे.